सोड म्हटल्याशिवाय

शिवणकामाच्या त्या कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि माघारी कात्री. हात कात्रीसारखा सरळ चालायचा म्हणून, आणि जीभ त्याहून सरळ चालायची म्हणूनही. हे नाव तिला ठाऊक होतं. आवडायचंही. कटिंगच्या लांब टेबलापाशी ती उभी राहिली की सुपरवायझरसुद्धा दोन पावलं मागे सरकून बोलायचा.

मग एके दिवशी तिचा हात थरथरला. कारण काही नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. छातीत धडधड, तळव्यांना घाम, आणि आता काहीतरी होणार असं वाटत राहायचं. काय होणार ते मात्र कळायचं नाही. झोप उडाली. जेवण जाईना. नवरा म्हणाला, "गरम दूध पी." त्याच्याकडे सर्दीपासून कर्जापर्यंत सगळ्याला हाच इलाज होता.

हे तिने एकाच माणसाला सांगितलं. धाकट्या जावेला. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, त्याच कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. धाकटी भाजी निवडत होती, कात्रीने हात पुढे केला आणि म्हणाली, "हे बघ कसा होतोय. कुणाला बोलू नकोस."

"शपथ, ताई," धाकटी म्हणाली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली.

आठवडा गेला नाही तोच सुपरवायझर कात्रीच्या हाताकडे बघत गोड आवाजात म्हणाला, "ताई, मशीनचं पातं आहे, जिवाशी खेळ नको. थोडे दिवस धागे तोडायला बसा. टेबल तुमच्या जाऊबाई सांभाळतील. तुमची काळजी त्यांनाच फार."

धागे तोडायला! जिथे नवशिक्या पोरी बसतात तिथे. कात्री बसली. समोर धाकटी तिच्या टेबलापाशी, तिचा खडू कानामागे खोचून. मान वर करून बघायची आणि कळवळून हसायची. त्या हसण्याने कात्रीचं रक्त उकळायचं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

संध्याकाळी घरी पडलं की वर छतावर पावलं वाजत. टप टप, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कात्री नवऱ्याला म्हणायची, "बघा, मिरवतेय. माझ्या डोक्यावर चालून दाखवतेय."

"अगं, फरशी आहे, चालणारच."

"तुम्ही दूध प्या."

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि वरच्या खोलीतल्या श्वासाच्या वर्गात पाठवलं. मंगळवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चटया पसरून माणसं निजलेली. एक निवृत्त ट्रकड्रायव्हर, एक नवी बाळंतीण, दोन शिक्षिका. शिकवणारी बाई तरुण, आवाज मऊ. म्हणाली, "श्वास हळू घ्या. सोडताना त्याहून सावकाश सोडा. मुठी घट्ट आवळा, आता सैल सोडा. खांदे वर उचला, सोडा. मनात जे धरून ठेवलंय ते श्वासाबरोबर सोडून द्या."

कात्रीने डोळे मिटून श्वास घेतला आणि सोडताना मनात म्हणाली, 'तिला सोडणार नाही.' पुन्हा घेतला. 'हातात सापडू दे, सोडणार नाही.' श्वास आपोआप लांबत गेला, कारण धाकटीला द्यायच्या शिक्षाही लांबत गेल्या. कधी ती जिन्यावरून गडगडायची, कधी तिचे केस गळायचे, कधी साऱ्या कारखान्यासमोर तिची अशी काही फजिती व्हायची की बस्स. तास संपला तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

"छान," बाई म्हणाली. "तुमचा श्वास सगळ्यांत संथ होता. मनात काय आणलंत?"

"घरचंच माणूस," कात्री म्हणाली.

"वा! प्रेमाचं माणूस आठवलं की फरक पडतोच."

कात्रीने मान डोलावली. बाईचा विरस कशाला करा?

पण खोटं कशाला बोलावं, इलाज लागू पडला. संध्याकाळचा चहा बंद केला. झोप येईना तर तळमळत न पडता उठून खुर्चीत बसू लागली. बाईने सांगितलेलं होतं, धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर घट्ट टेका आणि समोर दिसतील त्या वस्तूंची मनात नावं घ्या. कात्री कारखान्यात धागे तोडता तोडता नावं घ्यायची: पंखा, तागा, इस्त्री, धाकटी. धाकटीपाशी आलं की श्वास लांब सोडायचा. हाताची थरथर ओसरत चालली. सूड म्हणजे अंगात मुरणारं टॉनिकच असावं!

एका सकाळी नवं कापड आलं. दवाखान्याच्या कोटांचं, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने मंद. अशा कापडाचे थर टेबलावर घालताना एक थर सुलटा तर दुसरा उलटा घालायचा असतो, चकाकी चकाकीला भिडवून. तसं केलं की एकाच कापणीत डावी बाही निघते आणि उजवीही. कात्रीने हे इतक्या वेळा केलं होतं की ती त्याचा विचारही करायची नाही. धाकटी मात्र घाईत होती. डोळे सुजलेले, जांभया आवरत नव्हत्या. तिने सगळे थर चकचकीत बाजू वर करून घातले. थरावर थर. त्यावर एका बाहीचा नमुना ठेवला, खडू फिरवला आणि कापायचं मशीन हातात घेतलं.

कात्रीने हे सारं आपल्या जागेवरून बघितलं. एक शब्द पुरला असता. 'अगं थांब', बस्स. शब्द जिभेवर आलाही. छाती धडधडू लागली. तेव्हा तिने पाय जमिनीवर टेकले, श्वास घेतला आणि सावकाश, फार सावकाश सोडला. शब्द पुन्हा खाली उतरला. मशीन घरघरलं. हात पुढे धरून तिने बघितलं, बोट हलत नव्हतं.

दुपारी बाह्यांचे गठ्ठे सुटले. सगळ्या डाव्या.

"साऱ्या गावात दोन डाव्या हातांचे डॉक्टर किती असतील हो?" शिवणयंत्रावरची एक म्हणाली आणि कारखाना फुटला हसून. मालक हसला नाही. धाकटी टेबलाला धरून उभी होती, पांढरीफटक. सुपरवायझर कात्रीजवळ आला. पुन्हा गोड आवाज. "ताई, हात कसा आहे आता?"

"माझी काळजी तुम्हाला फार," कात्री म्हणाली. उद्यापासून टेबल तिचं.

त्या दिवशी ती अशी झोपली की वरची पावलं ऐकूच आली नाहीत.

पुढच्या मंगळवारी वर्गात गेली तर कोपऱ्यातल्या चटईवर धाकटी. कात्रीला बघून उठायलाच लागली, पण बाई म्हणाली, "आज जोड्या करू. एकीने निजायचं, दुसरीने उशाशी बसून श्वास सांगायचा. तुम्ही दोघी या इकडे." दुसरी कुणी मोकळी नव्हती. ट्रकड्रायव्हरला शिक्षिका मिळाली होती आणि तो तेवढ्यात घोरू लागला होता.

धाकटी निजली. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. शिकार स्वतःच्या पायाने चालत आली होती. कात्रीने खाली वाकून हळू विचारलं, "तुला गं काय दुखतंय?"

"झोप नाही, ताई. टेबल मिळालं तेव्हापासून. पातं बघितलं की पोटात गोळा येतो. घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या घालते."

म्हणजे ते मिरवणं नव्हतं. कात्रीला हे आधी कळतं तर? कळतं तर तिला आणखी बरी झोप लागली असती, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं.

"मग घेतलंस कशाला टेबल?"

"आयुष्यभर तुमच्या मागे उभी राहिले. एकदा वाटलं, पुढे उभं राहून बघावं." धाकटीचे डोळे मिटलेलेच होते. कडेने पाणी ओघळलं. "ताई, थर घालताना तुम्ही बघत होतात ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं बोलायचं ते सगळं तूच बोलून बसली होतीस. म्हटलं, घरात एकीने तरी तोंड मिटून बसावं."

धाकटी बारीक आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. आता तरी सोडा ना, ताई."

समोरून बाईचा मऊ आवाज आला, "सोडा… सावकाश सोडा…"

"श्वास सोड," कात्री म्हणाली. "बाकीचं माझ्याकडे राहू दे."

पण तिने श्वास नीट सांगितला. घे. धर. सोड. आवाज तोच, टेबलावरचा. त्या आवाजावर धाकटीच्या मुठी उघडल्या, जबडा सैल पडला, आणि ट्रकड्रायव्हरच्या साथीला तीही बारीक घोरू लागली. कात्री तिच्याकडे बघत बसली. इतके दिवस जी झोप हिला येत नव्हती ती आपल्या एका शब्दावर येतेय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला ते फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने विचारलं, "ताई, थर घालताना पलीकडचं टोक धरायला कोण देऊ?"

"माझी जाऊ."

"एवढं होऊनसुद्धा? मन मोठं हो तुमचं!"

कात्रीने त्याचाही विरस केला नाही.

तेव्हापासून दोघी रोज टेबलाच्या दोन टोकांना उभ्या असतात. धाकटीला आता बरी झोप लागते, पातं तिच्या हातात नसतं म्हणून. कापड ताग्यावरून उलगडतं. "धर," कात्री म्हणते. धाकटी धरते. "ताण." धाकटी ताणते, हात खांद्यापर्यंत भरून येतात, डोळे कात्रीच्या तोंडाकडे लागलेले, श्वास रोखलेला. आता फक्त 'सोड' म्हणायचं उरलेलं असतं.

कात्री आधी कापडावरून हात फिरवते. एक सुरकुती बघते. नसली तरी बघते. स्वतः एक लांब श्वास घेते, तो सावकाश, अगदी सावकाश सोडते, आणि मग म्हणते.