रत्नपाल गुरुजींचं निदान

बोर्ली पंचतनच्या रस्त्यावर मैत्रीचं गॅरेज आहे. आयटीआय करून, पनवेलला सहा वर्षं नोकरी करून तिनं ते टाकलं. गाडीवाले यायचे, तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, मिस्त्री कुठे आहेत?

तिचे वडील रत्नपाल गुरुजी दुपारी डबा घेऊन यायचे आणि पेपर वाचत बसायचे. आयुष्यभर त्यांनी मराठी शिकवलं; स्कूटरही कधी चालवली नव्हती. पण पांढरे केस, चष्मा आणि खुर्ची पाहून लोक आपली व्यथा त्यांनाच सांगत. मिस्त्री ती आहे, असं गुरुजींनी पुष्कळदा सांगून पाहिलं. लोक हसत आणि पुन्हा त्यांच्याचकडे वळत.

शेवटी मैत्रीनंच तोडगा काढला. ती तपासायची, हळूच सांगायची आणि गुरुजी शुद्ध मराठीत जाहीर करायचे, "इंधनाचा दाब अपुरा आहे." गिऱ्हाईक मान डोलवायचं. वर्षभरात गुरुजींचं नाव श्रीवर्धनपर्यंत पोचलं आणि खरं सांगायचं तर गुरुजींना ते थोडं गोडही लागलं.

एकदा हरिहरेश्वरला निघालेले पेणचे एक गृहस्थ आले. तासभर चाललं की चढाला गाडीचा दम जातो. थांबून चहा घेतला की पुन्हा नीट चालते. दोन ठिकाणी प्लग आणि फिल्टर बदलून झाले होते. मैत्री अजून हत्यारंच काढत होती, तेवढ्यात गुरुजी बोलून गेले, "पंप गेला."

मैत्रीनं चावी फिरवून पंपाची गुणगुण ऐकली. मग पेट्रोलच्या नळीला दाबाचं मीटर लावलं आणि गाडी चालवून आणली. सुरुवातीला काटा जागेवर होता. चढाला हळूहळू खाली आला. तिनं गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली आणि काटा वर चढला.

परत आल्यावर ती वडिलांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, पंप चांगला हाय. झाकण कंपनीचं न्हाय, बाजारातलं हाय, त्याला हवा आत घ्यायची सोयच न्हाय. टाकी आतून ओढून धरते, मग पेट्रोल पुढं जात न्हाय."

गुरुजींचे कान तापले. जन्मभर मुलांना चूक कबूल करायला लावली होती. ते खुर्चीतून उठले.

"माझं चुकलं," ते गृहस्थांना म्हणाले. "मला गाडीतलं काही कळत नाही. निदान हिचं आहे. आजवरची सगळीच हिची."

गृहस्थांनी वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला. एवढा मोठा मिस्त्री, आणि लेकीला पुढं करण्यासाठी स्वतःकडे कमीपणा घेतो, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. झाकण बदलून ते गेले आणि वाटेत भेटेल त्याला हे सांगत गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मुद्दाम घरीच राहिले. अकराच्या सुमारास मैत्रीचा फोन आला.

"बाबा, या. तीन गाड्या उभ्या हायत. तुम्ही आल्याबिगर कुणी बॉनेटला हात लावू देत न्हाय."

गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला आणि निघाले.