आप्पांच्या गादीखाली बॅटरी

"बंद! परत बंद! ही बॅटरी हाय का तहसील कचेरी? कवाबी बघावं तर बंद!"

दौलतराव माझ्या चिकलठाण्याच्या शेडसमोर उभे राहून ओरडत होते. आवाज एवढा, की शेजारच्या कारखान्यातल्या प्रेसवाल्यांनी मशीन थांबवून आधी आपलंच काही फुटलं का ते पाहिलं. दौलतराव मूळचे फुलंब्रीचे. घरची मोठी शेती, शहरात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आणि हल्ली जडलेला एक नवा आजार: कॅम्पर. म्हणजे जुनी मिनीबस घ्यायची, तिच्यात पलंग, ओटा, फ्रिज, पंखे बसवायचे आणि ज्या घरात हे सगळं सुखाने नांदतंय ते घर सोडून याच वस्तूंसकट रस्त्यावर राहायला जायचं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आयुष्यभर कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर शेड टाकून लिथियम बॅटरी बँक बनवू लागलो. शिव्या त्याच आहेत, फक्त आता स्वतःच्या जागेत खातो.

बाजारातली तयार बॅटरी दौलतरावांना नको होती. आपली आपण बनवायची होती. व्हिडिओ बघून बघून त्यांचं शिक्षण माझ्या चार पावलं पुढे गेलं होतं. सेल त्यांनी स्वतः मागवले. सागवानी खोका असा करवून घेतला, की त्यात बॅटरीऐवजी देव ठेवले असते तरी शोभले असते. मग मला म्हणाले, "तुमी फकस्त जोडून द्या. बाकी समदं म्या बनवलंय." बाकी समदं म्हणजे खोका.

तर चार निळे सेल. आकाराने पक्क्या विटेएवढे, वजनाने पाट्याएवढे. एकेकाचं व्होल्टेज तीनच्या थोडं वर. चार एकापुढे एक जोडले की गाडीला लागतात तेवढे बारा-तेरा व्होल्ट मिळतात. पण जोडण्याआधी चौघांना एका पातळीवर आणावं लागतं. चार हंडे बुडाशी नळीने जोडले की सगळ्यांत पाणी सारखं होतं, तसं सगळ्यांना शेजारी शेजारी जोडून हळूहळू भरायचं. याला वेळ लागतो. तो सगळा वेळ दौलतराव माझ्या स्टुलावर बसून त्या सेलकडे खुडूक कोंबडीसारखे बघत होते.

आणि या सगळ्यावर बीएमएस. बिस्किटाच्या पुड्याएवढी चपटी डबी. काम चौकीदाराचं. एखादा सेल जास्त भरला, जास्त रिकामा झाला, किंवा कुणी एकदम जास्त करंट ओढला, की ही लाइन तोडते. ओळख सांगून उपयोग नाही, चहा पाजून उपयोग नाही. तीच आता सारखी लाइन तोडत होती.

"काय लावलं होतं?" मी विचारलं.

"काय नाय. फ्रिज, पंखा, लाइट."

"अजून?"

"मोबाइल."

"अजून?"

दौलतराव आभाळाकडे बघू लागले. गाडीतून त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा आवाज आला, "चक्कीचं सांगा की त्यांना! आभाळात काय बघता?"

मी गाडीत चढलो. ओट्याखाली इन्व्हर्टरला जोडलेली घरघंटी होती. खेळण्यातली नाही, अख्खी, कपाटाएवढी, चार नटबोल्टांनी फ्लोअरला आवळलेली. जगात लोक कॅम्परमध्ये गिटार नेतात, दुर्बीण नेतात, कुत्रं नेतात. पिठाची गिरणी नेणारा हा पहिलाच.

"दौलतराव, हे काय?"

"आप्पांसाठी."

आप्पा म्हणजे दौलतरावांचे वडील. ऐंशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. जन्मात समुद्र पाहिलेला नाही. लेकाने कोकणात नेतो म्हटल्यावर तयार झाले, पण अट घातली. जवारीचं पीठ त्याच दिवशी दळलेलं पाहिजे, शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि चिरलेली भाकरी ते खात नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलेलं. चक्की नाही तर आप्पा नाहीत आणि आप्पा नाहीत तर या लाडक्या गाडीला अर्थच नाही, अशी ही साखळी.

मी समजावलं, मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते.

"व्हय, ते ठाव हाय," दौलतराव म्हणाले. "हिरीवरची मोटर उठली की आख्ख्या वस्तीचे लाइट डोळे मिचकावतेत."

"इथं बीएमएस मिचकावत नाही, सरळ मिटते. मोठी बीएमएस मागवतो. सोबत सॉफ्ट स्टार्टर लावू, म्हणजे मोटर दमानं उठेल. चार-पाच दिवस थांबा. नाहीतर उद्या पीठ दळून डब्यात न्या."

"ते आप्पांना तुमी सांगा."

"लावा फोन."

फोन काही लागला नाही, कारण तो लावलाच गेला नाही. आप्पांना 'नाही' म्हणणारा माणूस फुलंब्री तालुक्यात अजून जन्माला यायचाय. दौलतराव गाडी घेऊन निघून गेले. जाताना "बघतो" म्हणाले. माझ्या सगळ्या नोकरीत जेवढे अपघात झाले, ते याच शब्दापासून सुरू झाले होते.

सकाळी मोबाइलवर व्हिडिओ आला. चक्की चालू होती! पीठ भुरुभुरु पडत होतं, वहिनी परात धरून उभ्या होत्या. मलासुद्धा क्षणभर आनंद झाला. मग डोकं चालू झालं. ही चाललीच कशी? पुन्हा पाहिलं. कोपऱ्यात पलंगाखालचा सागवानी खोका उघडा होता आणि त्यावर बोट रोखून एक माणूस नवरदेवासारखा हसत होता. तो कचरू, गावातला खाजगी वायरमन. त्याच्या बोटाखाली माझी बीएमएस होती आणि तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करंगळीएवढी जाड तार.

डायरेक्ट!

आमच्या मराठवाड्यात डायरेक्ट करणं ही वेगळी विद्याशाखाच आहे. स्टार्टर मोटर घेईना, करा डायरेक्ट. डीपीचा फ्यूज सारखा उडतो, टाका जाड तार, डायरेक्ट. मांडवातला एमसीबी पडतो, काढा तो, डायरेक्ट. जे अडवतं ते काढायचं. का अडवतंय हे विचारणं म्हणजे भित्रेपणा.

मी फोन लावला. दौलतरावांचा फोन एंगेज. साहजिक आहे, तोच व्हिडिओ अख्ख्या तालुक्याला दाखवायचा म्हणजे वेळ लागणार. रबरी हातमोजे आणि पाने पिशवीत टाकले आणि स्कूटर हर्सूलच्या रस्त्यानं अशी हाणली, की वाटेतल्या दोन एसटी मला साइड देऊन अदबीनं थांबल्या. वाटेत हर्सूल जेलची भिंत लागली. एरवी मी तिच्याकडे बघत नाही, त्या दिवशी नीट पाहिली. बरीच उंच आहे. कारण आप्पांना काही झालं तर बॅटरी कुणी जोडली हे विचारणार होते, खोका कुणी बनवला हे नाही.

फुलंब्रीला दौलतरावांच्या घरासमोर जत्रा भरली होती. कॅम्परला झेंडूच्या माळा. घराच्या खिडकीतून एक वायर निघून गाडीत गेलेली. दौलतराव धावत आले.

"बघितला का व्हिडिओ? कचरूनं दहा मिनटात केलं! आता फुल्ल चार्ज झाली का निघालोच!"

"चार्जर कुठला लावलाय?"

"तुमचा लई हळू भरीत व्हता. कचरूनं टॅक्टरचा लावलाय."

ट्रॅक्टरचा जुना चार्जर म्हणजे बैल. थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही आणि थांब म्हणणाऱ्या चौकीदाराच्या डोक्यावरून कचरूने तार टाकलेली. मी गाडीत घुसलो. आप्पा नवी टोपी घालून पलंगावर ऐसपैस आडवे झाले होते.

"या सायेब," आप्पा प्रसन्न होऊन म्हणाले. "गादी बेस केलीय. खालून ऊब लई झकास येती. कंबर पार मोकळी झाली."

त्या गाडीत हीटर नव्हता.

"आप्पा, जरा खाली उतरता?"

"का बरं?"

"गाडी बाहेरून दाखवतो."

"बाहेरून बघितली म्या. तुमाला निजायचं आसंल तर तिकडं बाकडं हाय."

म्हातारा हलेना. मी वाकून चार्जरची पिन उपटली. वहिनींनी माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि मागून म्हणाल्या, "आप्पा, पीठ जाडं पडलंय वाटतं. तुमीच बघा बरं चला." आप्पा तिशीतल्या पोरासारखे उठले आणि उतरले.

गादी काढली. खोक्याची फळी तव्यासारखी गरम. आत चारातला एक सेल पुरीसारखा टम्म फुगलेला. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारांचा पीळ. माझ्या मोबाइलवर बीएमएसचं अॅप उघडलं तर लाल अक्षरांचा शिमगा. ज्या सेलने साडेतीनच्या जरा वर थांबायचं, तो चारच्या पुढे गेलेला. चौकीदाराला खांबाला बांधून ठेवलं होतं आणि तो बिचारा अजून शिट्ट्या मारत होता.

या जातीचा लिथियम सेल सहसा भडकत नाही. पण फुटला तर गरम, विषारी धूर ओकतो आणि बंद गाडीत झोपलेल्या म्हाताऱ्याला तेवढा पुरतो.

हातमोजे घालून तार सोडवली, सेल एकेक सुटे केले आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, मोकळ्या वावरात नेऊन ठेवले. "मागं व्हा" म्हणून ओरडलो, तशी गर्दी नियमाप्रमाणे दोन पावलं पुढे आली. फुगलेला सेल गार होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

कचरू मात्र शांत. "सायेब, तुमची डबीच खराब व्हती. सारखी तोडायची. म्या तार टाकल्यापून येकदाबी तोडलं नाय."

"अरे, तोडायचंच काम होतं तिचं!"

"मंग चालवायचं काम कोनाचं?"

मी दौलतरावांकडे वळलो. "आप्पा त्याच्यावर झोपले होते. अजून तासभर चार्जर राहिला असता तर त्यांना समुद्र नाही, घाटी दवाखाना दिसला असता. तोही नशिबात असला तर."

दौलतरावांनी वावरातल्या फुगलेल्या सेलकडे पाहिलं, मग परातीत बोटं घालून पीठ तपासणाऱ्या आप्पांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या माणसाचा आवाज खाली आला. "मला त्यांना नाय म्हनता येत नाय ओ," एवढंच बोलले.

नाही म्हणायचं काम मग वहिनींनी केलं. "आप्पा, आज जायचं नाय. पुढच्या आठवड्यात जाऊ." आप्पा म्हणाले, "बरं." संपलं. ज्या एका वाक्याला घाबरून कचरूला बोलावलं, ते वाक्य सुपारी फोडायला लागतो तेवढ्या वेळात बोलून झालं.

नवा सेल आला, चौघं पुन्हा पातळीवर आले, मोठी बीएमएस बसली, सॉफ्ट स्टार्टर बसला, फ्यूजच्या जागी फ्यूज बसला. चक्की दमानं उठते आणि आता बीएमएस हूं की चूं करत नाही. आप्पा समुद्र बघून आले. किनाऱ्यावर बराच वेळ उभे राहून म्हणाले म्हणे, "येवढं पानी, आन येकबी मोटर नाय."

या धंद्यात माझ्या ध्यानात आलेली गोष्ट एवढीच: संरक्षण देणारी वस्तू वारंवार आडवी येत असेल, तर तिला हात लावण्याआधी आपण तिच्यावर काय लादलंय ते पाहावं. हे मी कचरूलाही मुद्दाम बसवून समजावलं. अगदी आप्पांच्या कमरेपर्यंत सगळं आणून समजावलं. त्याने तंबाखू मळत मन लावून ऐकलं, दोनदा "बरोबर हाय" म्हणाला. मला वाटलं, चला, एक माणूस सुधारला.

"मग कचरू, परत करशील का डायरेक्ट?"

"लोड बघून," कचरू म्हणाला.