उसाच्या पानाचे ओरखडे

राहुरीच्या सलूनात एक शेतकरी दर रविवारी यायचा, गालावर ताजे ओरखडे घेऊन. "उसाचं पान लागलं," म्हणत दोन्ही हातांनी अशी तलवारबाजी करून दाखवायचा की आम्ही पेपर टाकून टाळ्या पिटायचो. सगळ्यांत मोठी टाळी माझी!

एकदा न्हाव्यानं वस्तरा थांबवला. "पाव्हणं, तुमचा ऊस तर मागच्या महिन्यातच फॅक्टरीला गेला."

"व्हय. बायको मारती," गालावर हात ठेवत तो म्हणाला.

सलून खदखदून हसलं, मीही हसलो. तोही सवयीनं हसला, पण हात गालावरून हलला नाही.

बाहेर मी म्हणालो, "चला, पोलिसांना सांगू."

"तुमी सांगा. माझ्या तोंडून लोकांना गंमतच वाटती."

चौकीत आयुष्यात पहिल्यांदा मी तिखटमीठ न लावता गोष्ट सांगितली. हवालदार हसला नाही.