वारा टांगायची दोरी

"आधी भिजवू, मग बोलू," दोरी दिसली की असं म्हणत मामा खिशातून लाकडी कप्पी काढत. आपण घराच्या किल्ल्या बाळगतो, तशी ही कप्पी कायम त्यांच्या खिशात.

मामा आमचे औशाचे शेजारी. मुंबईच्या गोदीत नोकरी करून गावी परतले आणि परसात दोन वर्षं खपून त्यांनी शिडाची छोटी होडी बांधली. होडी झाली आणि पाऊस गेला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिकडं कचेऱ्यांवर नव्या रंगाच्या पाट्या लागत होत्या, इकडं आमच्या गल्लीत टँकर. त्यात शिडाच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या. तलावात फार तर आठवड्याचं पाणी उरलेलं. ते आटायच्या आत मामांना एकदा, फक्त एकदा, शीड उभारायचं होतं.

मी त्यांना लातूरला दोरांच्या दुकानात नेलं. दोरातलं आपल्याला कळतं, असा तेव्हा माझा समज होता. दुकानदार अप्पांनी बैलांचे कासरे पुढं टाकले. मी एक दोन्ही हातांनी ताणला आणि जाणकारासारखी मान हलवली.

"घ्या मामा. बैल बिथरला तरी तुटायचा न्हाई."

"बैल कुठाय?" मामा म्हणाले आणि अप्पांकडं वळले. "भिजली की दोरी फुगती. फुगून कप्पीत अडकली तर शीड ना वर, ना खाली. बादलीभर पाणी द्या, अप्पा."

अप्पांनी हातातला दोर मामांकडं सरकवला.

"दोर फुकट न्या," अप्पा म्हणाले. "पाणी न्हाई."

मग मामांनी माझ्या फिरकीच्या तांब्याकडं पाहिलं. बायकोनं दिवसभरासाठी भरून दिलेला. तो घमेल्यात रिकामा झाला. कासरा भिजला, अडकला. विहिरीचा नाडा भिजला, अडकला. नायलॉनची दोरी सरकली, पण मामांच्या तळहाताला काचली. दर दोरीला अप्पा ओरडायचे, "पिळा, पिळा! थेंब जाऊ देऊ नका!" शेवटी ते गढूळ पाणी त्यांनी दारातल्या शेळीपुढं ठेवलं.

तोवर एक पांढरी सुती दोरी मात्र भिजूनही कप्पीतून सरसर धावली होती.

"ती पाळण्याची हाय," अप्पा म्हणाले. "कुणाकडं बाळ?"

"बाळ न्हाई, वारा टांगायचाय."

येताना एसटीत माझी जीभ टाळूला चिकटलेली. मामा दोरी मांडीवर घेऊन बसले होते, मधूनच थोपटत.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला दिसते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. एका ओढीत शीड वर गेलं. वारा भरला, होडी पन्नासेक हात पळाली आणि तिचा तळ चिखलात रुतला.

"मामा, उतरा! गुडघाभरच पाणी हाय!" मी काठावरून ओरडलो.

"गप की! चाललीय ना!"

शीड टम्म फुगलेलं, होडी जागच्या जागी, मामा दोरी धरून ताठ. तेवढ्यात घागर घेतलेली एक बाई पाणी तुडवत होडीपुढून निघाली, तर मामांनी तिला वाट द्यायला अदबीनं सुकाणू वळवलं.