बेडूक

सनीव्हेलला ऑफिसशेजारच्या थाई हॉटेलात मी दुपारी जेवायचो. काउंटरवरची पन्नाशीची बाई पेन्सिल अंबाड्यात खोचायची आणि मग ती सगळीकडे शोधत बसायची. आतून नवरा तिला एकाच शब्दानं हाक मारायचा. एकदा मी अर्थ विचारला.

"बेडूक," ती हसली. "आमच्यात घरचं नाव वेगळं ठेवतात. खरं नाव फक्त पासपोर्टवर."

"राग नाही येत?"

"राग कसला? माझ्या आधीची दोन मुलं गेली. आईला वाटलं, बेडकाला कुठलं भूत उचलून नेणार? तुमच्याकडे नाही ठेवत असं?"

माझ्या वडिलांचं नाव उकर्डा. त्यांच्याही आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. हे ठाऊक असूनही अमेरिकेत आल्यापासून मी प्रत्येक फॉर्मवर मधल्या नावाच्या जागी नुसतं 'यू' लिहीत होतो.

त्या दिवशी मी तिला ते नाव पूर्ण सांगितलं, अर्थासकट.

ती हसली नाही. "मग, जगले ना?"

"पंचाहत्तरीचे आहेत."

"मग चांगलं नाव आहे की!" असं म्हणून ती पेन्सिल शोधायला लागली.