कोपऱ्यावरचं कुंकू

गंगामाई शेडगे. आधी हे नाव लिहितो, कारण माझं जे काही चांगलं झालं त्याच्या मुळाशी हे नाव आहे. आणि आता जे सांगणार आहे ते मी तोंडाने आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. एकदाच कागदावर उतरवलं — ते शेवटी देतो. तुम्हाला मित्र समजून सांगायला बसलोय. वाटलं होतं तेवढं सोपं जात नाही.

माई पौडजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होत्या. मुळशीच्या डोंगरातल्या अकरा वाड्या पायी फिरायच्या. आमचा धनगरवाडा सगळ्यात वरचा. वडील शेरडं राखायचे, मीही तेच करणार होतो. पण चौथी झाल्यावर माई डोंगर चढून आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "बाबू, शेरडांमागं तू हायेस की. ह्ये पोरगं मला दे." दवाखान्यामागच्या खोलीत, त्यांच्या हातचं खाऊन मी वाढलो. बी.एस्सी. झालो. वाड्यातला पहिला. पुढे पुण्यात कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला, तोही त्यांनी ढकललं म्हणून.

माझी जन्मतारीख एक जून आहे. म्हणजे कागदावर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं तेव्हा वडील म्हणाले होते, "तवा लई पाऊस झाल्ता." गुरुजींनी एक जून लिहिलं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं एक जूनचीच. तुमच्या ओळखीतही असतील अशी माणसं. माईंना याचा फार राग होता. "आईनं येवड्या कळा काडल्या, त्यो दिस गुरुजीनं का म्हनून पुसायचा?" असं त्या म्हणायच्या.

म्हणून त्या प्रत्येक बाळंतपणानंतर चिठ्ठी लिहायच्या. कॅलेंडरच्या पानामागे, औषधाच्या खोक्याच्या तुकड्यावर — आईचं नाव, वाडी, दिवस, वेळ. वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या. शाळेत पोर घालायची वेळ आली की माई डबा उघडून दाखला देणार, एवढंच त्यांचं स्वप्न.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. दवाखान्याचे डॉक्टर पुण्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. त्यांनी एका कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मिळवून आणला. हिरवी अक्षरं, दोघांनी उचलावं इतकं वजन. तेव्हाच तो जुना होता. माझा कोर्स नुकताच संपला होता, म्हणून तो माझ्या ताब्यात आला. आणि पन्नाशी ओलांडलेल्या माई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "शिकीव. विंजेक्शन देती मी, ह्ये काय चावतंय व्हय?"

एका बोटाने, एकेक इंग्रजी अक्षर शोधत त्यांनी डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यात घातल्या. वर्ष लागलं. पहिली ओळ माझी होती. माझं बाळंतपण त्यांनीच केलं होतं; शाळेत नाव घालताना वडिलांनी त्यांना विचारलंच नव्हतं. "बिरू, बग, ह्यो तुजा दिस," त्या म्हणाल्या. मी यंत्रामागची वायर लावत होतो. "हो माई," म्हणालो. पाहिलं नाही.

काम संपल्यावर मी म्हणालो, आता चिठ्ठ्यांची गरज नाही. त्या घुटमळल्या. "ऱ्हाऊ दे की डब्यात. काय खायाला मागत्यात?" मी हसलो. माई, कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे दगडावर कोरलं! चिठ्ठ्या बंबात गेल्या. शिकलेल्या माणसाचा सल्ला होता ना.

पण हे मला सांगायचं ते नव्हे. हा मूर्खपणा झाला. मूर्खपणा माणूस चारचौघांत सांगू शकतो.

त्या पावसाळ्यात यंत्राला ओल लागली. आपलं आपण सुरू होईना. डॉक्टर म्हणाले, आतली डिस्क साफ करून सिस्टिम नव्याने घाल. शुक्रवारी मी येईन, तेव्हा तुला पुण्याला नेऊन एका कंपनीत भेटवतो — तुझ्या हातचं काम त्यांना सांगता आलं पाहिजे. मी आधी सिस्टिमच्या फ्लॉपीवरून यंत्र कसंबसं सुरू केलं आणि माईंची यादी दुसऱ्या एका फ्लॉपीवर उतरवून घेतली. तेवढं शहाणपण होतं.

बुधवारी खंडेनवमी होती. माईंनी कात्री पूजली, बाळांचा वजनकाटा पूजला, सुया उकळायचा स्टोव्ह पूजला. मग यंत्र. मग यादीची ती फ्लॉपी हातात घेऊन, कुंकवाचं बोट तिच्या मधोमध नेत मला विचारलं, "हितं लावू का?" फ्लॉपीच्या काळ्या वेष्टनाला एक फट असते, त्यातून आतली चकती दिसते. तिला बोट लागलेलंही चालत नाही. मी म्हणालो, तिथे नको, कोपऱ्यावर लावा. त्यांनी कोपऱ्यावर लावलं. करंगळीने, एवढंसं.

शुक्रवारी सकाळी मी डिस्क साफ केली, सिस्टिम घातली. यंत्र आपलं आपण सुरू झालं. मला टाळी वाजवावीशी वाटली. मग यादी परत आत घ्यायची म्हणून माईंची फ्लॉपी खाचेत सरकवली — आणि मनात आलं, आणखी एक प्रत करावी. डॉक्टरांना दाखवता येईल, मुलगा किती काळजीने काम करतो ते. त्यासाठी कोरी फ्लॉपी आधी तयार करावी लागते; त्यात खाचेतल्या फ्लॉपीवर जे असेल ते सगळं पुसलं जातं. कोर्समध्ये ती आज्ञा आम्ही दिवसातून पन्नास वेळा द्यायचो. बोटांनी ती आपसूक दिली. पडद्यावर आलं, नवीन फ्लॉपी घाला आणि बटण दाबा.

नवीन फ्लॉपी माझ्या डाव्या हातात होती. मी बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. ती कशाची हे कळायला मला किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट? खाच उघडून फ्लॉपी ओढून काढली. पुन्हा लावून पाहिली. काही नव्हतं. डिस्कवर नाही, फ्लॉपीवर नाही, डब्यात नाही. अकरा वाड्यांचे दिवस गेले.

तेव्हा सांगितलं असतं तर? डॉक्टर रागावले असते. कदाचित कंपनीत नेलं नसतं. आणि माई? माई म्हणाल्या असत्या, "व्हतंय रं." मला हे तेव्हाही ठाऊक होतं.

डॉक्टर आत आले तेव्हा मी फ्लॉपी पुढे केली. म्हणालो, कुंकू आत गेलं असावं.

त्यांनी ती उजेडात धरली. फटीत लाल होतं. ओटीवर पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर ते म्हणाले, "माई, तुम्ही लोकांना स्वच्छता शिकवता, आणि हे?" माईंनी माझ्याकडे पाहिलं. कोपरा मीच दाखवला होता. मला वाटलं, आता बोलतील.

"चुकलं, डाक्टर," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मी डॉक्टरांच्या जीपमधून पुण्याला गेलो. नोकरी लागली. त्या नोकरीवर माझं सगळं उभं आहे.

माई नवी वही घेऊन पुन्हा वाड्या चढल्या. काही आया वारल्या होत्या, काही वीटभट्टीवर गेल्या होत्या. ज्या होत्या त्या म्हणाल्या, पाऊस होता. पुढच्या जूनमध्ये शाळेत गेलेली पोरं बहुतेक एक जूनचीच झाली. मी भेटायला गेलो तेव्हा एक म्हातारा ओटीवरून ओरडत होता, "माई, आमच्या म्हशीला कुकू लावू नगा, न्हाईतर दूध पुसंल!" सगळे हसले. माईही हसल्या. पण यंत्राला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पुढच्या खंडेनवमीला फक्त कात्री पूजली.

इथे थांबलो तरी तुम्ही मला खोटारडा म्हणाल, आणि प्रकरण मिटेल. पण तुमच्या ध्यानात आलं असेल — कुंकू कोपऱ्यावर होतं. मग फटीत कसं दिसलं?

जीपचा आवाज अंगणात आला आणि डॉक्टर पायरी चढले, त्यामधल्या वेळात मी अंगठ्याने कोपऱ्यावरचं कुंकू उचललं आणि फटीत घासलं. बटण चुकून दाबलं गेलं. खोटं भीतीने निघालं. पण अंगठा? त्याने उचललं, नेलं, घासलं. मग मी तो पँटला पुसला.

माझा खरा दिवस त्या यादीत पहिल्या ओळीवर होता. विचारलं असतं तर माईंनी सांगितलाही असता. कोणत्या तोंडाने विचारणार?

सहा वर्षांनी, त्या भुकूमला भावाकडे राहायला गेल्यावर, मी हे पत्र टाकलं.

तीर्थरूप माईंस, साष्टांग नमस्कार.
यादी मी पुसली. नवी फ्लॉपी हातात होती, तुमची आत होती, आणि मी न बघता बटण दाबलं. डॉक्टर आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं राहिलं, ते मी राहू दिलं. तुम्ही मला विचारून, मी दाखवलं तिथेच कुंकू लावलं होतं. ते कोपऱ्यावरच होतं. आत ते माझ्या अंगठ्याने गेलं.
बिरू