शेंदराखालची हद्द

माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण एका दगडापाशी अडलं होतं. चांद्याचं गोंड राज्य आणि त्याच्या दक्षिणेकडचं शेजारी राज्य यांची हद्द नेमकी कुठे होती, हा त्या प्रकरणाचा विषय. कागद दोन्ही दरबारांचे होते, आणि दोन्हीकडचे कारकून आपापल्या राजाला खूश करणारे. एक म्हणतो हद्द नदीवर, दुसरा म्हणतो नदीच्या बरीच अलीकडे. कॉलेजात इतिहास शिकवून केस पिकले, पण ह्या दोन लबाडांतला खरा कोण ते मला ठरवता येईना.

अहेरीच्या पुढे एका गावात, धानाच्या बांधीत हद्दीचा दगड उभा आहे. त्यावर अक्षरं कोरलेली आहेत असं म्हातारी माणसं सांगत; ती वाचली की दगड कोणत्या राजानं रोवला ते कळणार होतं. पण गावानं त्याचा देव केला, पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चोपडला, आणि दगड त्या थराखाली गडप झाला. मी खरवडायचं नाव काढलं तेव्हा पुजारीभाऊ शांतपणे म्हणाले, "देवाले खरवडत नाई, मॅडम. तो आपल्या मनानं खोळ टाकते."

शेंदराचा थर जड झाला की कधीतरी आपोआप गळून पडतो, तीच खोळ. मग मी वाट पाहू लागले. दरवर्षी भद्रावतीहून बस बदलत बदलत जायचे, नारळ फोडायचे आणि भाऊंना बजावून यायचे की खोळ पडली की आधी मला फोन करा. देवानं कपडे कधी उतरवावेत म्हणून ताटकळणारी भक्तीण माझ्याशिवाय दुसरी नसेल.

गेल्या उन्हाळ्यात मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते. फोन नियमाप्रमाणे बाहेर पिशवीत. सुटल्यावर पाहिलं तर भाऊंचे सात मिस्ड कॉल. तेव्हा निघून पोचणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तर दगड लालभडक आणि ओला.

"दिवस बुडेपर्यंत थांबलो तुमच्यासाठी," भाऊ म्हणाले. "लोक ओरडून राह्यले होते, देवाले उघडं काऊन ठेवलं म्हणून."

"अक्षरं होती का?"

"होती न. बोट फिरवून पाह्यलं. मले वाचता येत नाई, नाई तर सांगितलं असतं."

ते ओशाळले होते. मला रागवायचं होतं, पण कुणावर रागवणार? माझा चेहरा पाहून धीर द्यावा म्हणून ते पुढे म्हणाले, "खोळीच्या आतून बी उमटली होती. उलटी, पण साफ."

म्हणजे खोळ हा अक्षरांचा साचाच होता. तो हाती असता तर दगडाची गरजच नव्हती. इतकी वर्षं मी फोन करा एवढंच घोकत आले, खोळ ठेवून द्या असं एकदाही म्हणाले नाही. म्हणे इतिहासाची अभ्यासक.

"खोळ कुठे आहे, भाऊ?"

"तिले नदीत सोडा लागते. तुमचंच नाव घेऊन सोडली, पुस्तक लवकर व्हावं म्हणून."

यंदा पुस्तक छापायला दिलं. हद्द नदीवर होती की अलीकडे, हे निश्चित सांगता येत नाही, असं चौथ्या प्रकरणात लिहिलं आहे. परवा भाऊंचा फोन आला. पुस्तक झालं का, म्हणून विचारत होते. मी हो म्हणाले.

"म्हणजे देवानं आयकलं," ते म्हणाले.